एकही कर्मचारी नाही

आमच्या फुटबॉल क्लबात एकही कर्मचारी नाही, असं मी लिहून दिलं. कागदावर, टाइप करून, खाली स्वतःची सही ठोकून. सही ठोकत होतो तेव्हा क्लबचा कर्मचारी माझ्यापासून वीस पावलांवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून माझ्याच बुटाचा उसवलेला तळ शिवत होता.

त्यांना सगळे मामा म्हणत. आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरात त्या शब्दाची मोठी सोय होती. मराठी, बंगाली, गढवाली, सगळ्यांच्या तोंडी तो आपोआप बसायचा, आणि आमचा संघ याच तिघांनी भरलेला होता. दोघे मल्याळी होते, तेही आठवड्याभरात मामा म्हणायला लागले. मामा मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीत जवानांचे बूट दुरुस्त करायचं काम केलं, पलटण दिल्ली कँटोन्मेंटात असताना निवृत्त झाले, आणि कुणाच्या तरी ओळखीने आमच्या मैदानाच्या कडेला, टाकीखालच्या खोलीत राहायला आले. बायको आधीच वारली होती. एक मुलगी, ती पालमला दिलेली, जावई फौजेतला. मुलगी दर महिन्याला येऊन म्हणायची, बाबा, घरी चला. मामा तिला चहा पाजून परत बसमध्ये बसवून द्यायचे. लेकीच्या दारात म्हातारपण काढणार नाही, एवढा एकच हट्ट त्या माणसाचा होता. बाकी कशाबद्दल त्यांनी हट्ट केल्याचं मला आठवत नाही.

काम काय करायचे? हा प्रश्न पुढे मला एका माणसाने ऑफिसच्या आवाजात विचारला होता, त्याचं उत्तर आधी इथे देऊन टाकतो. रविवारी सामना असला की शनिवारी दुपारी ते अनवाणी मैदानावर उतरायचे आणि सुतळी ताणून चुन्याची फक्की मारायचे. उलटं चालत. वाकून, मागे न बघता, शंभर यार्ड, आणि रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी. चेंडूत हवा भरणं, ब्लॅडरला ठिगळ लावणं, वरची चामड्याची वादी दाभणाने अशी आत सारणं की हेडिंग करताना कपाळाला लागू नये. सगळ्या जर्सींच्या कॉलरच्या आत वेगवेगळ्या खुणा शिवलेल्या. अक्षर येत नव्हतं, म्हणून कुणाची फुली, कुणाचं त्रिशूळ, कुणाचा नुसता ठिपका. माझी खूण म्हणजे एक आडवी रेघ. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तू गोलात जास्त वेळ तसाच असतोस.

हो, मी गोलकीपर होतो. राखीव. पहिला गोलकीपर आजारी पडला, किंवा त्याच्या बायकोचा भाऊ आला, तर मी. माझ्या खेळाबद्दल एवढंच सांगतो की सामन्यानंतर सगळ्यात मळकी जर्सी माझी असायची आणि मामा ती दोन बोटांत धरून म्हणायचे, "अडवलं काय न्हाई, पर मळवलंय लई."

हिवाळ्यात बूट ओले झाले की सुकेपर्यंत त्यांचा आकार टिकावा म्हणून मामा त्यांत कागद कोंबायचे. कागद पुरवायचं काम माझं. सरकारी ऑफिसात कागदाला तोटा नसतो. रद्द झालेली परिपत्रकं, चुकलेल्या प्रती, सायक्लोस्टाइलची शाई फुटलेले गठ्ठे मी पिशवीतून आणायचो. भारत सरकारच्या कितीतरी सूचना आमच्या सेंटर फॉरवर्डच्या बुटात शब्दशः अमलात आल्या आहेत.

तर ते पत्र. मी क्लबचा सेक्रेटरी झालो तो कर्तबगारीमुळे नाही, माझ्या टेबलावर टाइपरायटर होता म्हणून. पहिल्याच वर्षी मैदानाची परवानगी नव्याने घ्यायची होती. कॉलनीच्या ऑफिसाचा छापील फॉर्म आला. त्यात एक रकाना होता : संस्थेचे कर्मचारी किती, ते आवारात राहतात का, असल्यास प्रत्येकासाठी वेगळा फॉर्म तीन प्रतींत जोडावा. तीन प्रती म्हणजे दोन कार्बन, एक फोटो, पोलिसांचा दाखला, आणि अध्यक्षांच्या सहीसाठी तीनदा जिना चढणं. मला कंटाळा आला. याच्यामागे दुसरं काहीही कारण नव्हतं, हे मी इतक्या वर्षांनी शपथेवर सांगू शकतो. कारस्थान करायलाही थोडे कष्ट लागतात. मी नुसता आळशी होतो, आणि त्यात इंग्रजी ड्राफ्टिंगचा माज. मी लिहिलं : संस्थेचा एकही कर्मचारी नाही, सर्व कामे केवळ खेळाच्या प्रेमापोटी केली जातात.

अध्यक्ष आमच्याच ब्लॉकमधले, अंडर सेक्रेटरी, पुण्याकडचे. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, वा, 'प्रेमापोटी' बिल्कुल परफेक्ट. परवानगी पंधरा दिवसांत आली. आणि त्या पत्राचे माझे चार कच्चे मसुदे, पसंत न पडलेले, मी नेहमीच्या पिशवीतून मामांना दिले. त्यांनी ते घडी घालून बुटांत कोंबले. एक तर माझ्याच बुटात.

पुढची पाच वर्षं कुणाला काही आठवायचं कारण नव्हतं. मामांवर आमचं सगळ्यांचं फार प्रेम होतं. या प्रेमाचा मला आता जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. दिवाळीचा फराळ आठ घरांतून टाकीखाली जायचा. मुलं झाली की बायका मामांना दाखवायला न्यायच्या. कुणाचं लग्न ठरलं की मामांना नवं धोतर. संघाचा फोटो काढायचा तेव्हा आम्ही आमचे चष्मे, घड्याळं, अंगठ्या मामांच्या ओंजळीत द्यायचो, कारण एवढा विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता; आणि ओंजळ भरलेला माणूस फोटोत कसा उभा राहणार? अठरा वर्षांच्या अठरा फोटोंत मामा एकातही नाहीत. आम्ही इतकं प्रेम करत होतो की त्यांचं नाव एका कागदावर घालायला आम्हाला सुचलं नाही.

मग दिल्लीत आशियाई खेळ भरायचे ठरले आणि शहर रंगवायला काढलं. आमच्या मैदानाचंही नशीब उघडलं. टाकी आणि तिच्याखालची खोली पाडायची, आणि त्या जागी खेळाडूंसाठी पक्क्या खोल्या, नळ, संडास. कॉलनीच्या ऑफिसाचं पत्र सभ्य होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की क्लबचा कर्मचारी आवारात राहत असेल तर कळवावं, नव्या इमारतीत त्याला एक खोली देता येईल. म्हणजे खोली होती. आम्ही फक्त माणूस आहे म्हणून सांगायचं होतं.

मामा संध्याकाळी माझ्या क्वार्टरवर आले. मी सेक्रेटरी झाल्यापासून ते मला साहेब म्हणायला लागले होते, निम्मं थट्टेने. बायकोने खुर्ची दिली तर खाली बसले. म्हणाले, "साहेब, तुमचं लिहिणं लई चांगलं म्हणत्यात. माझं नाव तेवढं लिवा. मी हितं कामाला हाय, एवढंच. न्हाईतर मला लेकीकडं जावं लागंल." मी हसून म्हटलं, मामा, हा काय प्रश्न आहे, उद्या सकाळी टाइप करतो. माझ्या बायकोने ते ऐकलं, म्हणजे साक्षीदार आहे.

सकाळी मी मसुदा घेऊन अध्यक्षांकडे गेलो. ते दाढी करत होते. त्यांनी मसुदा वाचला, चेहरा पुसला, आणि आत जाऊन एक फाइल आणली. माझंच पाच वर्षांपूर्वीचं पत्र, दर वर्षी परवानगीच्या अर्जाला जोडलेलं, कारण माझी भाषा त्यांना आवडली होती. पाच वेळा सरकारला कळवलेलं : एकही कर्मचारी नाही.

"आता अठरा वर्षांपासून आहे म्हणून लिहिलंत, तर हे पाच वेळा खोटं ठरतं," ते म्हणाले. "माझी सही आहे. तुमची आहे. तुम्ही सरकारी नोकर आहात, यार. प्रमोशनची यादी कधी निघतेय?"

यादी त्याच महिन्यात निघणार होती. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी मी थोडा लढलो, असं मला आवडीने आठवतं. म्हटलं, चूक झाली म्हणून कळवू. तेव्हा त्यांनी तो ऑफिसच्या आवाजातला प्रश्न विचारला, की हे गृहस्थ नेमकं काम काय करतात? ज्या माणसाच्या मुलाच्या बुटांना मामांनी एरंडेल चोळून चोळून मऊ केलं होतं, त्याने हे विचारलं. आणि मी, वर जे सगळं लिहिलंय, फक्की, वादी, खुणा, यातलं काहीही बोललो नाही. मी म्हणालो, दोन दिवस विचार करतो.

अध्यक्षांवर राग काढणं सोपं आहे आणि मी तो पुष्कळ काढला आहे. घरी, एकटाच, पंख्याकडे बघून. पण त्यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं. मी तर दोन दिवस विचार करतो म्हणालो. आमच्या ऑफिसात या वाक्याखाली किती फाइली मेल्या ते मला चांगलं माहीत होतं. दोन दिवसांचे वीस दिवस झाले. मामा रोज दिसत होते आणि एकदाही विचारत नव्हते. मी मैदानाला वळसा घालून बसस्टॉपवर जायला लागलो. भाजी आणायला सरोजिनी नगरपर्यंत जायला लागलो, कारण जवळचा भाजीवाला टाकीसमोर बसायचा. बायको म्हणाली, तुम्ही चोरासारखे का फिरताय? मी तिच्यावरच ओरडलो.

खोली पाडायचा दिवस शनिवार होता. मी ऑफिसात थांबलो. काम नव्हतं, एकच फाइल चार वेळा वाचली. परत आलो तेव्हा टाकीच्या जागी विटांचा ढीग होता. मामा दुपारीच त्यांची काळी लष्करी ट्रंक घेऊन पालमच्या बसने गेले होते. जायच्या आधी त्यांनी फक्की मारली होती. दुसऱ्या दिवशी सामना होता ना. ढिगाच्या कडेपासून कॉर्नरपर्यंत रेघ सरळच होती. बूट आमच्या जिन्याखाली ओळीने मांडलेले, नाड्या सैल करून ठेवलेल्या, आणि जर्सी धुऊन घड्या घातलेल्या. चेंडूंच्या पेटीची किल्ली माझ्या बायकोकडे दिली. तिने विचारलं, काही निरोप? ते म्हणाले, काय न्हाई.

रविवारी आम्ही सहा गोलांनी हरलो. वादी कुणालाच नीट बसवता आली नाही. आमच्या बॅकने चेंडू डोक्याने मारला आणि कपाळावर टिळा घेऊन बाहेर आला. खुणांचा अर्थ कुणालाच लागेना, माझी रेघ सोडून. त्यानंतर आम्ही सगळे मामांबद्दल फार हळहळलो. मैदानाच्या कडेला उभं राहून हळहळलो. यार, मामांसारखा माणूस मिळणार नाही, असं बंगाली सेंटर फॉरवर्ड म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली. पालमला जाणारी बस तिथून समोर दिसत होती. एकही जण चढला नाही. मला महिनाअखेरीस प्रमोशन मिळालं आणि मी पेढे वाटले.

दहा वर्षं गेली. क्लबचा महोत्सव निघाला, स्मरणिका छापायचं ठरलं. अध्यक्ष आता निवृत्त होते, पण क्लबचे अध्यक्षच होते; काही माणसं तेवढ्यापुरती निवृत्त होत नाहीत. त्यांचा फोन आला. स्मरणिकेत एक श्रद्धांजलीचं पान आहे, तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार, मामांवर एक परिच्छेद द्या.

मी देतो म्हणालो. कधी गेले, हेही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. त्या संध्याकाळी टेबलाशी बसलो आणि दहा वर्षं दाबलेलं सगळं एका बैठकीत बाहेर आलं. रडलो. इतका रडलो की बायकोने कागद ओला होईल म्हणून बाजूला सारला. लिहिलं : क्लबचे अठरा वर्षांचे निष्ठावंत कर्मचारी. कर्मचारी हा शब्द मुद्दाम, ठळक अक्षरांत. मनात म्हटलं, आता खोडून दाखवा.

अध्यक्षांनी काहीही खोडलं नाही. उलट फोन करून म्हणाले, वा, 'निष्ठावंत कर्मचारी' बिल्कुल परफेक्ट. तेव्हा माझ्या अंगाची जी आग झाली ती अजून विझलेली नाही. जिवंत माणसाला एक खोली देण्यासाठी जो शब्द आमच्याकडे नव्हता, तो मेलेल्या माणसासाठी आम्ही ठळक अक्षरांत छापला. मेलेल्याला खोली लागत नाही. फॉर्मही तीन प्रतींत लागत नाही.

स्मरणिका वाटून झाली. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सरोजिनी नगरच्या गणपतीत पालमच्या एक बाई भेटल्या. मामांच्या मुलीच्या शेजारच्या. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, मामांचं कळलं, फार वाईट झालं. त्या घाबरल्या. म्हणाल्या, काय झालं? सकाळी तर मला दूध आणून दिलं त्यांनी.

मी तिथूनच एस. टी. डी. बूथवर जाऊन अध्यक्षांना फोन लावला. मामा गेले हे तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.  ते म्हणाले, सांगितलं असं नाही कुणी, पण एवढी वर्षं झाली, असतील ना गेले. आणि तुम्हीही लिहिलंतच की.

  मी शिव्या दिल्या, मोठ्याने, मराठीत. बूथवाला पंजाबी होता, पण त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याने सुट्टे पैसे न बोलता दिले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आधी ऑफिसात जाऊन, चोरून नाही, सगळ्यांदेखत एक पत्र टाइप केलं. क्लबचा माजी सेक्रेटरी म्हणून. हे गृहस्थ अठरा वर्षं आमच्या संस्थेचे कर्मचारी होते, संस्थेच्या आवारात राहत होते, आणि यापूर्वी माझ्या सहीने दिलेली उलट माहिती खोटी होती व ती मी जाणूनबुजून दिली. तीन प्रती काढल्या. एक कॉलनीच्या ऑफिसात दिली, शिक्का मारून घेतला. एक अध्यक्षांच्या दारातून आत सरकवली. तिसरी घेऊन पालमची बस धरली. दहा वर्षांपूर्वी धरायची ती.

गल्लीत, मुलीच्या घराच्या दाराबाहेर खाट टाकून मामा बसले होते. लेकीच्या दारात. मला बसमधून उतरल्यापासून हेच दृश्य दिसेल अशी भीती होती आणि ते तंतोतंत तसंच दिसलं. वाळले होते. चष्मा आला होता. पायापाशी कुठल्या तरी जवानाचा बूट होता आणि दाभण हातात. मला बघून त्यांनी बूट खाली ठेवला, खाटेवर सरकून जागा केली. मुलगी आतून आली, मला ओळखलं, आणि पाणी न विचारता आत गेली. मला ते योग्यच वाटलं.

मी सगळं सांगितलं. आळस, तीन प्रती, प्रेमापोटी, मसुदे, प्रमोशन. दोन दिवस विचार करतो, हेही. श्रद्धांजलीचं सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, मग तेराव्याचं जेवण कुठाय? मी हसू शकलो नाही. मी खिशातून तिसरी प्रत काढली आणि वाचून दाखवली. इंग्रजीतून मराठी करत, अडखळत. खोटी होती, जाणूनबुजून दिली, इथपर्यंत सगळं वाचलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

मामांनी कागद हातात घेतला. उलटा धरला, सुलटा केला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग अगदी नीट, कडेला कड जुळवून घडी घातली आणि समोरच्या ओल्या बुटात सरकवली.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, गोलामागे उभे राहून बघायचे तसे.

"गोलात बी तुझं ह्येच व्हतं," ते म्हणाले. "बॉल जाळीत जाऊन बसला, की मंग तुझी उडी."